चौसष्ट कोटींना जामीनदार कोण?

मे २०२४ मधल्या एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या घरी मी मोबाईल समोर ठेवून बसले होते. माझे शेअर ज्या कंपनीत होते तिच्या लेखापरीक्षकांनी मुदत संपण्याआधीच राजीनामा दिल्याची बातमी आदल्या शुक्रवारी संध्याकाळी शेअर बाजाराकडे गेली होती. त्या दिवशी भाव ₹७४ वर बंद झाला होता. बाजार उघडताच मी माझे १,२०० शेअर विकायला लावले. पडद्यावर उजव्या बाजूला विकणाऱ्यांचे शेअर दिसत होते, चार लाखांहून अधिक, आणि डाव्या बाजूला, जिथे घेणाऱ्यांचा आकडा असतो तिथे, शून्य. हा शेअर तेव्हा बाजाराच्या निगराणीखाली असल्यामुळे एका दिवसात ५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली जाऊ शकत नव्हता. ऐकायला ही मर्यादा संरक्षणासारखी वाटते, पण प्रत्यक्षात तिचा अर्थ असा होता की भाव ५ टक्क्यांनी उतरून तिथेच गोठायचा आणि दिवसभर एकही शेअर विकला जायचा नाही. सलग नऊ दिवस हेच झाले. नवव्या दिवशी भाव ₹४७ च्याही आत आला होता आणि माझे १,२०० च्या १,२०० शेअर माझ्याकडेच होते.

मी एकतीस वर्षे एका पतसंस्थेत लेखापालाचे काम केले. ताळेबंद वाचणे हा माझा रोजचा व्यवसाय होता, आणि म्हणूनच ही हकिगत लिहिणे मला आवश्यक वाटते. या कंपनीत जे घडले ते तिच्या स्वतःच्या छापील कागदांत आधीपासून लिहिलेले होते. ते कागद माझ्या घरी येत होते आणि मी ते वाचत नव्हते.

ही कंपनी आमच्या भागातली नाही. तिचा कारखाना महाराष्ट्रात आहे आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत. पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन-तीन फौंड्र्या तिला ओतीव भाग पुरवत असत, त्यामुळे तिचे नाव आमच्याकडे घरोघरी माहीत होते. माझा भाचा त्यातल्याच एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. २०२१ साली कोरोनानंतर ऑर्डरी वाढल्या, पाळ्या दोनाच्या तीन झाल्या, आणि कामगारांपासून मालकांपर्यंत अनेकांनी त्या कंपनीचे शेअर घेतले. जिच्यासाठी आपण रात्रंदिवस काम करतो ती कंपनी चांगलीच चालली असणार, असा सरळ हिशेब त्यामागे होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मीही ₹११८ च्या भावाने १,२०० शेअर घेतले. ₹१,४१,६०० माझ्यासाठी लहान रक्कम नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस ई-मेलने आली. कंपनीचे तेव्हा ४ कोटी शेअर होते, आणि तिला आणखी दीड कोटी वॉरंट ₹९२ च्या भावाने पाच जणांना द्यायचे होते. त्यांपैकी एक प्रवर्तकांचीच, म्हणजे कंपनी काढून चालवणाऱ्यांचीच, संस्था होती, उरलेल्या चार कधी नावही न ऐकलेल्या खाजगी कंपन्या. वॉरंट म्हणजे पुढे शेअर घेण्याचा हक्क. घेणाऱ्याने सुरुवातीला किमतीच्या २५ टक्के, म्हणजे इथे ₹२३, भरायचे आणि उरलेले पैसे १८ महिन्यांच्या आत भरून शेअर घ्यायचे. नाही भरले तर हक्क संपतो आणि भरलेले ₹२३ कंपनीकडे जमा होतात. भाव ठरवण्याचा नियमही शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने घालून दिलेला आहे. आधीच्या ९० आणि १० व्यवहार-दिवसांच्या सरासरी भावांपैकी जो जास्त असेल, त्याच्या खाली जाता येत नाही. नियमाप्रमाणे पाहिले तर सगळे व्यवस्थित होते. पैसे कशासाठी हवेत, या रकान्यात मात्र ‘खेळते भांडवल व सर्वसाधारण व्यावसायिक गरजा’ एवढेच होते. आमच्या पतसंस्थेत एखाद्या कर्जदाराने अर्जात असे लिहिले असते, तर मी तो अर्ज टेबलावरूनच परत केला असता.

असा ठराव मंजूर व्हायला बाजूची मते विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. भागधारकांना ते मोठे संरक्षण वाटते, पण मोजली जातात ती फक्त दिलेली मते. प्रवर्तकांकडे ३८ टक्के शेअर होते आणि ते सर्व मतदानाला उतरले. आम्हा उरलेल्या ६२ टक्क्यांतले बहुतेक जण घरी बसले. मीही मत दिले नाही. त्यासाठी मोबाईलवर पाच मिनिटे पुरली असती. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचा भाग शंभराचा असो की लाखाचा, आणि त्या सवयीत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना असे वाटते की कंपनीत आपल्या मताला काहीच अर्थ नाही. शेअरागणिक मत असते तिथे लहानांनी एकत्र येण्याची गरज उलट जास्त असते, हे मला पुढे दोन वर्षांनी कळले. ठराव मंजूर झाला आणि माझ्या हिश्शाचा चौथ्या भागाहून अधिक वाटा माझ्या नकळत कमी व्हायची सोय झाली.

२०२३ च्या उन्हाळ्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरींबद्दल कंपनीच्या घोषणा येऊ लागल्या आणि भाव ₹१३१ वर पोचला. शहापूर-वडगावात पेढे वाटावेत असे वातावरण होते. त्याच जुलैत प्रवर्तकांच्या संस्थेने ५० लाख आणि त्या चारांपैकी दोन कंपन्यांनी ६० लाख वॉरंटांचे पैसे भरून शेअर घेतले. अशा शेअरांवर बाहेरच्या लोकांसाठी सहा महिन्यांची विक्रीबंदी असते. ती २०२४ च्या सुरुवातीला उठली आणि भाव उतरायला लागला. दर तिमाहीला कंपनीला आपल्या भागधारकांची विभागणी जाहीर करावी लागते. त्या पत्रकात मी नंतर पाहिले, की दोन्ही कंपन्यांची नावे मार्चअखेरपर्यंत नाहीशी झाली होती आणि लहान भागधारकांची संख्या ११ हजारांवरून २९ हजारांवर गेली होती. साठ लाख शेअर कुणाच्या गळ्यात पडले, ते त्या एका रकान्यातून स्पष्ट दिसते.

पण मला खरा धक्का भावापेक्षा भाच्याच्या बोलण्याने बसला. मेमधल्या त्या नऊ दिवसांतच एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, “आत्या, आमची बिलं गेल्या दिवाळीपासून निघंनात. आधी दोन महिन्यांनी द्यायचे, मग चार, आता फोनच उचलत नाहीत.” लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. फौंड्रीच्या मालकांनी ऑर्डरी जातील या भीतीने तक्रार केलेली नव्हती. ज्या कंपनीने वॉरंटांतून शंभर कोटींहून अधिक रक्कम उभी केली, ती उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे काही लाख का देऊ शकत नाही, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी मी दोन कागद छापून आणले. एक नोव्हेंबर २०२२ ची नोटीस, ज्यात वॉरंट घेणाऱ्यांची नावे आणि त्यांचे अंतिम मालक दिलेले होते. दुसरा २०२२-२३ चा वार्षिक अहवाल, ज्यात कंपनीने इतरांना दिलेल्या कर्जांची टीप होती. कायद्याप्रमाणे ही माहिती भागधारकांना द्यावीच लागते. जेवणाच्या टेबलावर फूटपट्टी ठेवून मी ओळ न ओळ वाचली. मार्च २०२३ अखेर तीन खाजगी कंपन्यांना मिळून ₹२९ कोटी दिलेले होते, विनातारण, १२ टक्के व्याजाने. लेखापरीक्षकांनी त्यांच्या अहवालात परतफेडीचे हप्ते ठरलेले नसल्याचे साध्या एका वाक्यात नोंदवले होते. सप्टेंबर २०२३ च्या सहामाही ताळेबंदात ती कर्जे ₹६४ कोटींवर गेली होती, म्हणजे जुलैत वॉरंटांचे पैसे आले आणि लागलीच कर्जाच्या रूपाने बाहेर पडले. नंतर मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या तिन्ही कर्जदार कंपन्यांचे नोंदणीचे पत्ते पाहिले, जे फुकट पाहता येतात. त्यांतल्या एकीचा पत्ता आणि शेअर घेऊन विकून गेलेल्या दोन कंपन्यांतल्या एकीचा पत्ता एकच होता. इमारत तीच, मजला तोच, खोली क्रमांकही तोच.

पैसे एका दाराने आले आणि दुसऱ्या दाराने त्याच घरात परत गेले, असे मी म्हणू शकत नाही, कारण बँकेची खाती मला पाहता येत नाहीत. पण विचारण्याचा हक्क मला आहे, आणि उत्तर देणे त्यांचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट मला लेखापाल म्हणून फार लागली. डिसेंबर २०२३ पर्यंतच्या नऊ महिन्यांत कंपनीने सुमारे ₹६ कोटी नफा दाखवला होता, आणि त्यातले सुमारे ₹४.७ कोटी या कर्जांवरचे येणे व्याज होते. हातात न आलेले व्याज उत्पन्नात धरून नफा दाखवलेला. आमच्याकडे थकलेल्या कर्जाचे व्याज नफ्यात घेता येत नसे, त्यासाठी थकव्याजाची तरतूद करावी लागे. तपासणीला येणारे अधिकारी सर्वांत आधी तेच पान उघडत. पन्नास हजारांच्या कर्जाला आम्ही दोन जामीनदार घेत असू आणि त्यांची घरपट्टीची पावतीही फाइलला लावत असू. इथे चौसष्ट कोटींना एकही जामीनदार नव्हता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुदत टळून गेल्यावर वार्षिक निकाल आले, तेव्हा नव्या लेखापरीक्षकांच्या सहीखाली ती पूर्ण ₹६४ कोटींची रक्कम बुडीत धरलेली होती. भाव तोवर ₹३३ झाला होता.

त्याच महिन्यात मी सेबीच्या स्कोअर्स या तक्रार व्यवस्थेवर तक्रार नोंदवली. कंपनीने एकवीस दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि तिने ते विसाव्या दिवशी दिले. सर्व कर्जे संचालक मंडळाच्या मंजुरीने आणि कायद्याच्या मर्यादेत दिली आहेत, असे त्यात लिहिले होते. पत्त्यांबद्दल एक अक्षरही नव्हते. पंधरा दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते, ती मी मागितली, आणि या वेळी दोन्ही पत्त्यांच्या छापील प्रती जोडल्या. तक्रार शेअर बाजाराकडे गेली. तिथून कंपनीला पुन्हा स्पष्टीकरण विचारले गेले आणि पुन्हा तशाच शब्दांतले उत्तर आले. त्यानंतर मी सेबीकडे दुसरी फेरतपासणी मागितली आहे. या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही, कारण तिच्यामुळेच कंपनीला निदान दोनदा लेखी उत्तर द्यावे लागले. पण तक्रारदाराने कागदाला कागद जोडून नेमका प्रश्न विचारला नाही, तर ‘माझे पैसे बुडाले’ एवढ्या तक्रारीला तिथे काही उत्तर नसते, हे मला पहिल्या तक्रारीनंतरच उमजले.

सप्टेंबर २०२४ मध्ये वार्षिक सभा होती, दूरदृश्य पद्धतीने. तिच्या नोटिशीतला सहावा ठराव वाचून माझे हात थरथरले. इतर कंपन्यांना कर्जे देण्याची मर्यादा ₹१५० कोटींपर्यंत वाढवण्यास मंजुरी मागितली होती. चौसष्ट कोटी बुडीत दाखवल्यानंतर अडीच महिन्यांनी!

या वेळी मी एकटी राहिले नाही. भाच्याने फौंड्रीतल्या भागधारकांची यादी केली. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, मग खानापूर, आणि शेवटी निपाणी. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांनी कोल्हापूरच्या ब्रोकरकडून आठ हजार शेअर घेतले होते. आम्ही एसटीने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी चहा दिला आणि मग शांतपणे म्हणाले, “बाई, तंबाखूचं पोतं उघडून वास घेतल्याशिवाय मी भाव बोलत नाही. हे मात्र नुसत्या नावावर घेतलं की.” त्यांच्या गादीवर बसून मी त्यांना मोबाईलवरून मत कसे द्यायचे ते दाखवले. मतदान तीन दिवस चालते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. तेवढ्या वेळात आमच्या भागातल्या ६३ भागधारकांनी, मिळून सुमारे ७१ हजार शेअरांची, सहाव्या ठरावाविरुद्ध मते दिली. अनेकांना पासवर्ड आठवत नव्हता. एकाच्या खात्याला जुना मोबाईल नंबर जोडलेला होता, आणि तो बदलेपर्यंत मतदानाची वेळ संपली.

सभेत बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. मी चौदावी होते. माझ्या आधीच्या दहा-अकरा जणांनी अध्यक्षांचे अभिनंदन केले, प्रकृतीची विचारपूस केली आणि दिवाळीच्या शुभेच्छा आगाऊ दिल्या. प्रत्येकाला दोन मिनिटे होती. मी माझे प्रश्न सहा ओळींत लिहून काढले होते आणि घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिले होते. कर्ज देण्यापूर्वी त्या तिन्ही कंपन्यांची परतफेडीची ऐपत कोणी तपासली, वसुलीसाठी दावा दाखल केला का, आणि एका कर्जदाराचा व एका वॉरंटधारकाचा पत्ता एकच कसा, एवढेच मला विचारायचे होते. दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटी माझा आवाज बंद झाला आणि पडद्यावर वेळ संपल्याची सूचना आली. मी घड्याळाकडे पाहिले, तर सव्वा मिनिटच झाले होते. अध्यक्षांनी सर्व वक्त्यांचे आभार मानले आणि ज्यांची उत्तरे राहिली त्यांना ई-मेलने कळवू असे सांगितले. तो ई-मेल मला अजून आलेला नाही. ठराव मंजूर झाला. विरोधातली मते एकूण दिलेल्या मतांच्या ३ टक्क्यांनाही पोचली नाहीत. उरलेले हजारो लहान भागधारक, ज्यांची नावे त्या मार्चच्या पत्रकात केवळ संख्या म्हणून आली होती, त्यांनी मतच दिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी दिले नव्हते, तसेच.

बेळगावातल्या एका वकिलांनी आम्हाला पुढचा मार्ग समजावून सांगितला. कंपनीचा कारभार भागधारकांच्या हिताविरुद्ध चालला आहे, असा अर्ज कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे करायला दहा टक्के शेअर तरी लागतात किंवा शंभर सभासद तरी लागतात. दहा टक्के आमच्या आवाक्यातले नाहीत. शंभर सभासद मात्र मिळू शकतात. कंपनीचे कार्यालय मुंबईत असल्यामुळे अर्जही मुंबईलाच करावा लागेल, बंगळूरला नाही. आम्ही पुन्हा यादी घेऊन बसलो. पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असलेले शेअर कायद्याने एकाच सभासदाचे धरले जातात, त्यामुळे आमची आठ नावे एका फटक्यात कमी झाली. काहींनी मिळेल त्या भावात शेअर विकून टाकले होते. फौंड्रीच्या एका मालकांनी सही करायला नकार दिला, कारण त्यांची थकलेली बिले अजून त्याच कंपनीकडे अडकली आहेत. त्यांच्या अडचणीला मी दोष देत नाही. आज आमची संख्या ८७ आहे आणि भाव ₹२१.

अठ्ठ्याऐंशीव्या नावासाठी मी गेल्या चार महिन्यांत तीनदा खानापूरला गेले. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांकडे ५०० शेअर होते. २०२३ च्या पावसाळ्यात ते वारले आणि त्यांनी खात्याला वारस नोंदवलेला नव्हता. त्यांच्या पत्नीला सही करायची आहे, पण शेअर तिच्या नावावर होईपर्यंत ती कायद्याने सभासद नाही. नाडकचेरीतून, म्हणजे आमच्याकडच्या महसूल कार्यालयातून, तिने वंशवृक्षाचा दाखला काढला. तो कन्नडमध्ये आहे, आणि खाते कोल्हापूरच्या ब्रोकरकडे असल्यामुळे त्यांना भाषांतर हवे होते, तेही नोटरी केलेले. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मी ते करून घेतले. पहिल्या वेळी मुलीचे नाव दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे असल्यामुळे कागद परत आले. तिच्या लग्नानंतरच्या नावाचे प्रतिज्ञापत्र आता तयार झाले आहे. परवा त्या शिक्षकांच्या पत्नींनी फोनवर विचारले, “काकू, एवढं सगळं करून पैसे मिळतील का हो?” मी त्यांना खरे ते सांगितले, की भाव परत येईल असे मला वाटत नाही, पण ते चौसष्ट कोटी कुणाच्या सांगण्यावरून दिले गेले, याचे उत्तर शपथेवर द्यावे लागेल अशी एकच जागा उरली आहे आणि तिथे जायला आपण तेरा कमी आहोत. त्या म्हणाल्या, “मग गुरुवारी या, त्या दिवशी मी घरीच आहे.”